चार वाजून सतरा मिनिटं

मानांग पुरिंगचं घड्याळ कधी मागं पडलं नाही आणि तिची शिट्टी कधी मागं फिरली नाही, असं सान पास्कुआल वस्तीत अजून सांगतात. सांगतात ते खरंच आहे, एक वेळ सोडून. ती एक वेळ आली नसती तर आज ती इलोइलो शहराच्या नगरसभेत सगळ्या वस्त्यांच्या कॅप्टनांच्या, म्हणजे निवडून आलेल्या वस्तीप्रमुखांच्या, वतीनं बसलेली दिसली नसती. फार तर बाजाराच्या कोपऱ्यावर बाचोय, म्हणजे शेवयांचं सूप, विकत बसली असती आणि सूप गार झाल्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला झापत असती.

पूर्ण नाव पुरिफिकासिऑन दोरोनिला. पण एवढं नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? लहानांना ती मानांग, म्हणजे ताई, आणि मोठ्यांना नुसती पुरिंग. बाप मासळीबाजारात टोपल्या उचलायचा. सतराव्या वर्षी तिला बास्केटबॉलच्या टेबलाशी गुण लिहायला बसवलं, ते काही कुणी कौतुकानं नव्हे. वस्तीत जिची बेरीज दोनदा केली तरी सारखीच येते अशी ती एकटीच होती म्हणून. त्या टेबलावरून ती उठली ती थेट शहराच्या लीगची प्रमुख होऊनच, आणि पुढं शहराच्या मोठ्या संघाची मॅनेजर झाली. उंची चार फूट अकरा इंच. सहा सहा फुटांचे बाप्ये तिच्यापुढं मान खाली घालून उभे राहायचे, कारण मान खाली घातल्याशिवाय ती दिसायचीच नाही, असं तिचा नवरा म्हणायचा.

नवरा तिबो. आयुष्यभर जीपनी, म्हणजे प्रवासी जीप, चालवली, आता घरी स्वयंपाक करतो आणि बायकोची टिंगल करतो. "लग्नाला सहा मिनिटं उशिरा पोचलो होतो मी," तो येईल त्याला सांगायचा. "पाद्री थांबला, वऱ्हाड थांबलं. ही दारात घड्याळ बघत उभी! अजून ऐकतोय बाबा, अजून."

तिचा एक नियम होता. संघ पंधरा मिनिटं उशिरा आला की सामना गेला. हजर असलेला संघ विजयी. मग रडा, पाया पडा, नगराध्यक्षाचा फोन आणा. तिची शिट्टी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आमच्याकडं सहाचं आमंत्रण दिलं की माणसं साडेसातला केस विंचरायला घेतात. अशा गावात या बाईनं वर्षानुवर्षं सामने वेळेवर सुरू केले. ज्यांनी तिच्या नावानं बोटं मोडली, त्यांनीच तिच्यामुळं घड्याळं घेतली.

पण एका संघानं तिला चोवीस वर्षं माफ केलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ते लीग-प्रमुख म्हणून तिचं पहिलंच वर्ष. अंतिम सामना एप्रिलच्या पाच तारखेला, दुपारी चारला, पत्र्याखालच्या कोर्टावर. एका बाजूला बाजाराचा संघ, म्हणजे दोदोंग खाटीक आणि त्याची तगडी मंडळी. दुसऱ्या बाजूला नदीकाठची पोरं. नदीकाठ म्हणजे आमच्याच वस्तीची खालची साठ घरं, मासे आणि खेकडे धरणारी. आणि पाच एप्रिल म्हणजे त्यांच्या सान व्हिसेन्तेचा सण. पहाटे संताची लाकडी मूर्ती खांद्यावर घेऊन होडीत चढवायची, नदीतून फिरवायची, आणि परत देवळात आणायची. ज्यानं पहाटे खांदा दिला, त्यानं मूर्ती देवळात बसेपर्यंत खांदा काढायचा नाही. मध्येच दुसऱ्याला द्यायचा नाही. बापजाद्यांपासूनची रीत ती. त्या वर्षी खांदेकरी होते संघाचेच पाच जण, आणि त्यांचा पुढारी क्रिस्पुलो पानेस, सगळ्यांचा इपो.

दोन वाजता परत यायची होडी. पण ओहोटी लवकर लागली आणि वळणावर होडी गाळात रुतली. पाच पोरं मांडीभर चिखलात उतरली आणि संताला खांद्यावर घेऊन चालत निघाली.

चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी टेबलाशी येऊन मानांगला ही बातमी दिली. कोर्ट माणसांनी फुललेलं. पहिल्या रांगेत नगरसभेचे साहेबलोक, आणि त्यातला एक शेजारच्याच्या कानात म्हणत होता, "बाई माणूस आहे, आता बघा विरघळते." तिनं ते ऐकलं. ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. आणि मग ती जे बोलली ते शब्द पुढं चोवीस वर्षं नदीकाठी तोंडपाठ होते:

"नियम संतालाही तोच."

चार पंधराला शिट्टी वाजली. बाजारवाले नाचायला लागले. चार सतराला नदीकाठची पाच पोरं धावत आली, अंगात संघाचे निळे बनियन, पाय अनवाणी, मांड्यांपर्यंत चिखल. दोन मिनिटं. कोर्टाच्या रेषेवर ती पाच जणं उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. इपोनं एकदा मानांगकडं पाहिलं, आणि सगळे परत फिरले.

त्या दिवसापासून नदीकाठचा संघ लीगमध्ये उतरला नाही. एकदाही नाही. त्यांची पोरं नारळाच्या खोडाला कडं ठोकून वाळूत खेळायची, पण वरच्या कोर्टावर पाय ठेवायची नाहीत. मानांगला ठाऊक होतं. तिला त्याच संध्याकाळी ठाऊक झालं होतं की आपलं चुकलं. तिबोनं ताटात भात वाढता वाढता विचारलं, "दोन मिनिटं थांबली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?" तर ती म्हणाली, "गप जेव." पण स्वतः जेवली नाही.

एकोणसाठाव्या वर्षी मोठ्या संघातून निवृत्त झाली आणि लोकांनी तिला वस्तीच्या कॅप्टनपदाला उभं केलं. आधीच्या कॅप्टननं वस्तीत स्वतःचं नाव लिहायला जागा म्हणून सोडली नव्हती. कोर्टाच्या फळीवर नाव, बाकावर नाव, रुग्णवाहिकेत छतावर हसरा फोटो. आजारी माणूस आडवा झाला की वर याचे दात. निवडणूक आली की पोरांना बनियनं वाटायचा, त्यावरही नाव. मानांगनं काहीच वाटलं नाही. लोक म्हणाले, ही पडणार. एकेचाळीस मतांनी निवडून आली. नदीकाठच्या दोनशे मतांपैकी तिला तीन पडली, आणि ती तीन कुणाची हे नदीकाठवाले अजून शोधतायत.

पहिल्याच दिवशी तिनं फळीवरचं नाव पांढऱ्या रंगानं पुसलं, आणि आपलं लिहू दिलं नाही. कचऱ्याची गाडी साडेसहाला म्हणजे साडेसहाला यायला लागली. पहिल्या वस्तीसभेला वेळेवर हजर होते दोघंच, ती आणि एक मांजर. तिनं मांजरापुढं इतिवृत्त वाचलं. तिसऱ्या सभेला खुर्च्या कमी पडल्या. शिव्या देत यायचे लोक, पण यायचे.

नदीकाठचं मात्र जमेना. औषधं पाठवली, घेतली नाहीत. लहान मुलांच्या लसी आल्या, तर बायका पोरांना घेऊन चालत शहराच्या दवाखान्यात गेल्या. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी ती माणसं. मानांगचा पीळही काही कमी नव्हता. ती म्हणायची, "काम करत राहीन, येतील आपोआप." तिबो म्हणायचा, "काम नको आहे त्यांना. एक शब्द हवा आहे. तुझ्या दातांना चिकटून बसलाय तो."

तिच्या कॅप्टनपदाच्या दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मोठं वादळ आलं. आमच्याकडं दोनच दिवस पाऊस होता, पण वर डोंगरात ढग फुटले. सकाळी आठला शहरातून निरोप आला: नदी फुगून खाली येते आहे, एकच्या भरतीशी तिची गाठ पडेल, काठावर कुणी राहता कामा नये. सगळ्यांना वर बास्केटबॉलच्या कोर्टावर आणायला मानांगनं ट्रक पाठवला, भोंगा पाठवला, वस्तीचे दोन राखणदार पाठवले. साडेनऊला ट्रक परत आला. रिकामा.

"येत नाहीत म्हणतात," राखणदार म्हणाला. "पाणी बघितलंय म्हणतात आम्ही."

"नदी दिसत नाही का त्यांना?"

राखणदार खाली बघून म्हणाला, "मानांग, ते म्हणतात, त्या बाईच्या कोर्टात आम्ही जायचं, आणि म्हातारीला आणायला दोन मिनिटं उशीर झाला तर? दार लावून घेईल ती."

मानांग एकदम खुर्चीत बसली. साठ घरं. पोरंबाळं, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली माणसं. चोवीस वर्षांपूर्वी वाजवलेली एक शिट्टी आता पुराच्या तोंडावर दारात येऊन उभी राहिली होती. मग ती उठली, छत्री न घेता बाहेर पडली आणि तिबोला म्हणाली, "ट्रक तू चालव."

नदीकाठच्या छोट्या देवळाच्या पायरीवर इपो बसला होता. आता पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला, नदीकाठचा शब्द ज्याच्या तोंडून निघतो तो. मागं पंधरा-वीस माणसं. पाण्याचा रंग बदललेला. तरंगत आलेलं केळीचं झाड देवळासमोरून निघून गेलं.

"इपो, चला," मानांग म्हणाली. "वेळ नाही."

"तुमच्याकडं वेळ कधी असतो?" इपो शांतपणे म्हणाला. कुणीतरी हसलं.

"माझ्यावरचा राग नंतर काढ. शिव्या घाल, मत देऊ नकोस. पण या लेकरांना—"

"लेकरांचं आम्हाला कळतं, कॅप्टन." त्यानं मानांग म्हटलं नाही, ते तिला लागलं.

ती पावसात उभी राहिली. तिबो ट्रकमधून बघत होता. तो सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा तिनं मनगटाकडं बघायचं टाळलं.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. माझं चुकलं, इपो."

इपो उठला. "मला कशाला सांगता? मला कुठं बोलला होतात तुम्ही?" त्यानं देवळात बोट दाखवलं. "त्याला बोलला होतात. त्याला सांगा. आणि असं पुटपुटू नका. शिट्टी सगळ्या वस्तीनं ऐकली होती." त्यानं राखणदाराच्या हातातला भोंगा काढून तिच्यापुढं धरला.

ज्या बाईनं नगराध्यक्षाचा फोन कानाला लावला नव्हता, त्या बाईनं तो भोंगा घेतला आणि चिखलाच्या चपलांनी देवळात गेली. सान व्हिसेन्तेची मूर्ती कमरेइतकी उंच, जड लाकडाची, पाठीला पंख, आणि उजव्या हाताचं एक बोट आभाळाकडं. तिनं भोंग्याचं बटण दाबलं. साठही घरांत ऐकू गेलं.

"सान व्हिसेन्ते, मी पुरिफिकासिऑन दोरोनिला. चोवीस वर्षांपूर्वी मी म्हटलं, नियम संतालाही तोच. तुला खांद्यावर घेऊन चिखलातून येणाऱ्या पोरांना मी बाहेर काढलं. मला पाच मिनिटं आधी कळलं होतं. मला कळलं होतं, तरी मी वाजवली. लोक मला कच्ची म्हणतील या भीतीनं वाजवली. नियमाचं नाव सांगितलं, पण भीती माझी होती. घरी गेल्यावर लगेच कळलं, आणि चोवीस वर्षं मी तोंड उघडलं नाही." इथं तिचा आवाज फुटला, आणि भोंग्यातून फुटलेला आवाज काही झाकता येत नाही. "मला माफ कर. आणि यांना सांग, माझ्यासाठी नको, पण चला."

मग मागून एक म्हातारी ओरडली, "पण त्या कोर्टाच्या दाराचं काय गं?"

मानांगनं फोन काढला आणि दोदोंग खाटकाला लावला. "दोदोंग, कोर्टाचं लोखंडी दार बिजागरीतून उखडून टाक. आत्ता. कुऱ्हाड घे, करवत घे, काय हवं ते घे." पलीकडून दोदोंग म्हणाला, "अगं पण नवं दार आहे, मानांग!" ती म्हणाली, "उखडून टाक म्हटलं ना!" हे सगळंही भोंग्यातून गेलं, कारण बटणावरचं बोट काढायचं ती विसरली होती. नदीकाठ पहिल्यांदा मोकळेपणानं हसला.

इपो देवळात आला. "संत हलला की आम्ही हलू," तो म्हणाला. "पण खांदेकरी कमी आहेत. दोघं दुबईला आहेत, एक गेला."

"ट्रकमध्ये पुढं बसेल तो," मानांग म्हणाली. "तिबोशेजारी."

आणि सान व्हिसेन्ते पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावून. तिबोनं त्याला विचारलं म्हणे, "बोट वर केलंयस ते ठीक, पण डावीकडं वळायचं का उजवीकडं?" मागं ट्रकमध्ये म्हाताऱ्या, बाळंतिणी, दोन डुकरं, तांदळाची पोती, आणि त्यामागं चालत सगळा नदीकाठ, सणाच्या मिरवणुकीसारखा, फक्त डोक्यावर गाठोडी. तीन खेपा झाल्या. शेवटची खेप बारा वाजून वीस मिनिटांनी वर आली. पाऊण वाजता पाणी आलं. त्या साठातली एकोणीस घरं वाहून गेली, आणि देवळात इपोच्या गळ्याएवढं पाणी चढल्याची खूण भिंतीवर अजून आहे. माणूस एकही गेला नाही. एकही नाही! पाणी वाढताना मानांग दार नसलेल्या दारात उभी राहून माणसं मोजत होती, आणि मोजून झाल्यावर तिथंच जमिनीवर बसून हुंदके देऊन रडली. दोदोंगनं तिच्या हातात भाताच्या गरम पेजेचा वाडगा दिला.

मूर्ती कुठं ठेवायची? कोरडी आणि उंच जागा एकच होती, गुण लिहायचं टेबल. तर संत तिथं उभा राहिला, एक बोट वर करून, आणि पोरं म्हणायला लागली, "बघा, पंचानं एक फ्री थ्रो दिला!" आधी म्हाताऱ्या रागावल्या. मग त्याही हसायला लागल्या. साडेतीन आठवडे नदीकाठ त्या कोर्टावर राहिला. रात्री तिथंच झोपायचा, सकाळी चादरी गुंडाळायचा, आणि दुपारी नदीकाठची पोरं, चोवीस वर्षांत पहिल्यांदा, वरच्या कोर्टावर चेंडू खेळायची. मानांग मुद्दाम तिकडं बघायची नाही.

घरं उभी राहायला लागली तशी एके सकाळी ती इपोकडं गेली. "एक सामना राहिलाय," ती म्हणाली.

इपोनं आपल्या पोटाकडं बघितलं. "आता? मला पळताना दम लागतो. दोघं दुबईला—"

"पोरं घे त्यांची. दोदोंगचंही पोट सुटलंय. तुझ्यापेक्षा मोठं आहे."

तर रविवार ठरला, चारची वेळ. त्याच दिवशी सान व्हिसेन्ते परत देवळात जाणार होता. सगळी वस्ती जमली. बाजारवाले साडेतीनलाच हजर, जुने पिवळे बनियन घालून. ते बनियन पोटाच्या अर्ध्यावरच थांबलेले. मानांग टेबलाशी बसली, गळ्यात शिट्टी. चार वाजले. नदीकाठवाले नाहीत. चार दहा झाले. दोदोंग टेबलाशी आला, टाच घासत उभा राहिला. सगळं कोर्ट घड्याळाकडं बघत होतं आणि घड्याळाकडं बघत नसल्यासारखं करत होतं.

"मानांग," दोदोंग हळूच म्हणाला, "पंधरा झाली."

"मग?"

"मग... नियम."

मानांगनं गळ्यातली शिट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसली. चार सतरा झाले. कुठंतरी एक लेकरू रडत होतं, तेवढाच आवाज. चार तीस. बाजारवाल्यांनी खाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या. चार वाजून बावन्न मिनिटांनी ते आले. संताला गाळातून चालत देवळात पोचवून आले होते, मांड्यांपर्यंत चिखल, पुढं इपो. रेषेपाशी येऊन थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

मानांग उठली. "सगळे आलात?"

"आलो."

"संत जागेवर बसला?"

"बसला, मानांग."

तेव्हा कुठं तिनं शिट्टी वाजवली.

सामना काय सांगू! दोदोंग दोनदा पडला, इपोला तिसऱ्या मिनिटाला उचक्या लागल्या, एकानं चुकून आपल्याच बाजूला चेंडू टाकला आणि त्याच्या बायकोनं बाहेरून त्याचा उद्धार केला. नदीकाठ हरला. थोडाथोडका नाही; अठ्ठावन्न-एकोणीस. एवढा मार त्या लीगमध्ये कुणी खाल्ला नसेल.

शिट्टी झाल्यावर इपो धापा टाकत, चिखल-घामानं माखलेला टेबलाशी आला आणि दोन्ही हात टेकून उभा राहिला. मानांगनं पाण्याचा ग्लास पुढं केला. तिला वाटलं तो वाईट वाटून घेईल.

"हरलो, मानांग," तो म्हणाला.

"हो रे. हरलात."

"खेळून हरलो." पाणी गटागट पिऊन त्यानं तोंड पुसलं आणि तो चोवीस वर्षांनी तिच्याकडं बघून हसला. "पुढच्या लीगला आमच्या पोरांचं नाव घाला."

"घालते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि तो पंधरा मिनिटांचा नियम काढून टाकते मी आता."

"काही काढू नका," इपो म्हणाला. "नियम चांगला आहे. फक्त वाजवायच्या आधी रस्त्याकडं बघत जा, कुणी चिखलातून येतंय का."

पुढच्या वर्षी शहरातल्या सगळ्या कॅप्टनांनी तिला आपली प्रमुख निवडलं, आणि ती नगरसभेत बसायला लागली. सभा वेळेवर सुरू होते. पण तिची खुर्ची तिनं खिडकीकडं तोंड करून मांडून घेतली आहे. तिथून रस्ता दिसतो.